दुसऱ्या पंचाची रेघ

अप्पांच्या घरी मी भाडेकरू म्हणून गेलो त्या दिवशी त्यांनी माझी पहिली सही घेतली ती भाडेकरारावर नाही, एका मेलेल्या कोंबडीच्या पंचनाम्यावर. माझी पुस्तकांची खोकी अजून अंगणातच होती. अप्पा खुराड्याशेजारी उकिडवे बसून पिसं मोजत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे."

"चालेल. इथं सही करा. पंच क्रमांक एक."

सही करण्याआधी वाचायची मला सवय आहे. अप्पांना ती आवडली असावी, कारण त्यांनी बसायला पाट दिला. कागदावर रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'मयत कोंबडी रंगाने तांबूस, अंड्यावर आलेली. मानेच्या डाव्या बाजूस चावा. घटनास्थळी विखुरलेली पिसे एकूण एकेचाळीस. कुंपणाच्या तारेस करडे केस चिकटलेले. संशयित मुंगूस, फरार.' खाली सह्यांसाठी दोन रेघा. पंच क्रमांक दोनची रेघ मोकळी होती.

"इथं कोण?" मी विचारलं.

अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "मी न्हाई करायची सही. कोंबडी माजी, मेली ती बी माजीच, आन् वर सही बी मीच करू व्हय? त्या परीस खुराड्याला एक कडी लावा म्हनावं. चार वर्सं झाली सांगतीया."

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "साक्षीदार फितूर आहे." आणि दुसरी रेघ तशीच ठेवून कागद फाईलला लावला.

ती फाईल आता माझ्याकडे आहे. तिच्यातल्या प्रत्येक पंचनाम्यावर पहिल्या रेघेवर माझी सही आहे आणि दुसरी रेघ मोकळी आहे.

अप्पा कोरेगावच्या कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचं समन्स माणसाच्या घरी नेऊन त्याच्या हातात द्यायचं, त्याची सही घ्यायची, सापडला नाही तर दारावर चिकटवायचं आणि दोन पंचांसमोर तसं लिहून आणायचं, हे काम त्यांनी सगळी नोकरी केलं. तालुक्यातलं कुत्रंन् कुत्रं त्यांना ओळखायचं आणि बहुतेकांनी त्यांना एकदा तरी चावलं होतं. त्यांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता. हे ते ओळख करून देतानाच सांगत, जसं एखादा आपलं गाव सांगतो.

ते निवृत्त झाले, पण बजावणी सुटली नाही. काकींनी दळण आणायला पाठवलं तर गिरणीवाल्याकडून 'दळण मिळाले' अशी पोच आणत. लग्नाची पत्रिका द्यायला गेले की वहीत सही घेत. घेणाऱ्याला वाटे, आहेर लिहून घेतात की काय. स्वतःच्या घराचं दारही ते वाजवून, क्षणभर थांबून मग ढकलत. "हातात पडल्याशिवाय पडलं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते समन्सबद्दल होतं, पण ते चहाबद्दल, औषधाबद्दल आणि काकींच्या बोलण्याबद्दलही वापरत. काकी दारातून काही ओरडून सांगत असल्या तर अप्पा ऐकूनही हलत नसत. काकी चालत येऊन समोर उभ्या राहिल्या, की मग 'बजावलं गेलं' म्हणून उठत.

त्यांच्या भाषा दोन होत्या. कामाची कोर्टातली आणि रागाची खटाव तालुक्यातली. पहिलीतून दुसरीत ते गेले की मुंगसाचंही काही खरं नसे.

कोंबड्या काकींच्या. आठ-दहा असत, गावठी, परसात मोकळ्या. त्यांच्यावर मुंगसाचा डोळा, रानमांजराचा डोळा, कधी उदमांजराचा. दुसऱ्या कुणी काठी घेतली असती. अप्पांनी कोर्ट उघडलं. कोंबडी मेली की पंचनामा, पंचनाम्यावरून समन्स. समन्स कुंपणाला सुतळीने बांधलं जाई: 'तुम्हास कळविण्यात येते की अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता खुराड्यासमोर हजर राहावे.' त्या तारखेला अप्पा इस्त्रीचा सदरा घालून अंगणात खुर्ची टाकून बसत. अकरा वाजता मुंगसाचा तीनदा पुकारा होई. मुंगूस येत नसे. मग पुढची तारीख.

"आवं, तुमची तारीख पडंस्तवर माजी आनखी दोन गेली की," काकी म्हणत.

"थेट पकड वॉरंट काढता येत नाही. संधी द्यावी लागते."

"मुंगसाला?"

"कुणालाही."

तिसऱ्या तारखेला हजर न राहिल्यावरच पिंजरा निघे. तो त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला होता. आत सुका बोंबील टांगायचा, बोंबील ओढला की मागे दार पडायचं. चांगला पिंजरा होता. त्यात पहिल्याच दिवशी सापडला तो शेजाऱ्यांचा बोका, आणि त्याला 'ओळख पटवून' सोडताना शेजारणीची पोच घेतल्यामुळे तिच्याशी काकींचं बोलणं महिनाभर बंद पडलं.

मुंगूस सापडलं की सुनावणी. अप्पा त्याला आरोप वाचून दाखवत आणि विचारत, "बचावात काही म्हणायचं आहे?" मुंगूस गजांवर दात घासे. "आरोपीने समाधानकारक उत्तर दिले नाही," असं ते सांगत आणि मी लिहीत असे. मारण्याला त्यांचा ठाम विरोध होता. "एका कोंबडीसाठी फाशी कुठल्या कोर्टानं दिली आहे?" शिक्षा एकच, दोन वर्षं तडीपार. सातारा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर.

त्यासाठी त्यांची जुनी स्कूटर निघे. अप्पा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर आरोपी. रहिमतपूर, पुसेसावळी करत दीड-दोन तासांनी आम्ही सांगली जिल्ह्याच्या पाटीशी पोचत असू. रहिमतपूरला चहाला थांबलं की लोक पिंजऱ्यावरचं पोतं उचलून बघायला येत.

"काय हाय वो ह्यात?"

"न्यायप्रविष्ट बाब आहे," अप्पा म्हणत आणि पोतं नीट करत.

उदमांजराला नेलं तेव्हा त्याच्या वासाने माझा कोट आठवडाभर ग्रंथालयाच्या बाहेर टांगावा लागला. वाचक कमी झाले. अप्पा म्हणाले, सरकारी कामात असं होतं.

पाटीशी पोचल्यावर स्कूटर बरोबर साताऱ्याच्या बाजूला लावायची, पिंजरा बरोबर सांगलीच्या बाजूला ठेवायचा. आरोपीच्या शेपटीला तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका, म्हणजे दोन वर्षांच्या आत परत आला तर ओळखू यावा. मग हुकूम मोठ्याने वाचायचा. "समजलं?" असं विचारून ते दार उचलत आणि मुंगूस बाभळींत नाहीसं होई. "समजलं म्हणून लिहा," अप्पा सांगत.

मी एकदा त्यांना म्हटलं, की पुस्तकात असं दिलंय, एक मुंगूस हलवलं की त्याच्या मोकळ्या जागेत दुसरं येतं. अप्पांनी विचार केला. "म्हणजे नवीन केस," ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. कडीचा विषय मी त्याच वेळी काढून पाहिला. ते म्हणाले, "कडी लावली तर गुन्हा घडणारच नाही. मग आपण काय करायचं?"



सांगलीच्या बाजूला, पाटीपासून हाकेच्या अंतरावर एक घर होतं. पत्र्याचं, पुढे लिंबाचं झाड. आम्ही ते बरेचदा पाहिलं होतं, पण अप्पांच्या मते ते आपल्या हद्दीत नव्हतं. एका फेरीला त्या घरातली म्हातारी पाटीखालीच बसून होती. मांडीवर काठी, शेजारी मेलेली कोंबडी. हौसाबाई तिचं नाव. घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची, आता तुकडाभर शेत करत होती. नातवंडं सांगलीला होती. ती आणि तिच्या कोंबड्या एवढंच घर.

अप्पांनी हुकूम वाचायला घेतला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"झालं वाचून?" ती म्हणाली. "आता माजं ऐका. श्यापटीला रंग लावल्यालं मुंगूस तुमचंच नव्हं? मला आदी वाटलं, कुनाच्या मेंढराचा रंग लागला आसंल. माज्या सात कोंबड्या ग्येल्या. तुमचं चोर तुमी हिकडं आनून सोडताय. आमी काय तुमचं अंदमान हाय व्हय?"

अप्पा म्हणाले, "बाई, आपल्या हद्दीत गुन्हा घडला असेल तर आपण तिकडे दाद मागावी."

"मागितली की," हौसाबाई म्हणाली आणि काठीने मागे दाखवलं.

लिंबाखालून वनखात्याची एक वनरक्षक मुलगी उठून आली. खाकी कपडे, वय पंचविशीचं, मोबाईल खिशात ठेवत. तिने नमस्कार केला, पिंजऱ्यात पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हे मुंगूस तुम्ही धरलं?"

अप्पांच्या आयुष्यात त्यांना इतका योग्य प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी बॅगेतून फाईल काढली. पंचनामे, समन्स, वॉरंट, हुकूम, सगळं तारीखवार. तिने पाटीजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसून ती पानं उलटली. अधूनमधून ती वर पाहायची आणि मग परत खाली. अप्पा तिच्याकडे असे पाहत होते, की आता ती उभी राहून सलाम करील.

"आजोबा," ती म्हणाली, "मुंगूस, रानमांजर, उदमांजर, ही सगळी कायद्यानं संरक्षित आहेत. विना परवाना धरणं हाच गुन्हा आहे. आणि ही फाईल म्हणजे... तुम्ही प्रत्येक वेळी लिहून, सही करून ठेवलंय."



"हे काकापण आहेत यात," तिने माझ्याकडे पाहिलं. "पंच."

मुलगी चांगली होती. तिने फाईल बंद केली. "मी हे पाहिलंच नाही असं समजू. मुंगूस सोडून द्या, परत धरू नका, आजीला चार कोंबड्या द्या. विषय संपला."

"पाहिलं नाही म्हणजे?" अप्पा म्हणाले. "माझ्या हातानं तुमच्या हातात दिली. पोच द्या."

"आजोबा, पोच दिली तर मला केस करावी लागेल."

"मग करा."

"अहो, या वयात—"

"वय तुझ्या पुस्तकात लिवलंय व्हय गं?" अप्पा एकदम रागाच्या भाषेत गेले. "गुन्हा हाय का न्हाई, येवढं सांग!"

तिने पोच दिली नाही, आपल्या जीपमध्ये जाऊन बसली. जीपचा आवाज दूर गेला तरी अप्पा फाईल पुढे धरून उभे होते. त्यांची बजावणी झाली नव्हती. नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. परतताना माझ्या मांडीवर रिकामा पिंजरा होता, आणि रहिमतपूरला ते चहाला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अंगणात खुर्ची मांडली गेली. पण या वेळी अप्पा खुर्चीत बसले नाहीत. खुर्चीसमोर, जिथे पिंजरा ठेवत तिथे उभे राहिले आणि स्वतःच्या नावाचा तीनदा पुकारा केला. तिसऱ्यांदा "हजर" म्हणाले. मग खुर्चीत जाऊन बसले आणि लिहू लागले. असं ते चार-पाच वेळा उठले-बसले. बचावात काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी बसून विचारलं, मग उठून उभे राहिले आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली. "कायदा माहीत नव्हता," ते शेवटी म्हणाले, आणि बसल्यावर लिहिलं: 'आरोपीने समाधानकारक उत्तर दिले नाही.'

दोन वर्षं तडीपार. सातारा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर.

काकी पिठाच्या हाताने बाहेर आल्या. "आवं, खुळं लागलं काय तुमाला? त्या पोरीनं सोडलंय न्हवं?"

"तिनं सोडलं म्हणूनच. कुणाची हरकत आहे?"

"माजी हाय!"

"हरकत नोंदवली," अप्पा म्हणाले. पेन थोडं थांबलं. "फेटाळली."

पहिल्या रेघेवर मी सही केली. मी करायला नको होती, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. त्यांनी कागद काकींकडे नेला. काकींनी त्याकडे पाहिलंही नाही, खुराड्याकडे बघत राहिल्या. दुसरी रेघ मोकळी राहिली.

स्कूटरवर मीच त्यांना पोचवलं. पाटीपलीकडे उतरून त्यांनी सातारा जिल्ह्याकडे तोंड केलं, हुकूम वाचला आणि स्वतःलाच विचारलं, "समजलं?" तांबडा ठिपका लावण्याचा मुद्दा मी काढला नाही. ते हौसाबाईच्या घराकडे चालू लागले. ती ओसरीत होती.

"आता मुंगसं संपली म्हून बेलीफालाच सोडलं काय?" तिने मला लांबून विचारलं.

अप्पा तिच्याकडे राहिले, नुकसानीबद्दल राखणदार म्हणून. पिंजरा लावता येत नव्हता, मारणं मंजूर नव्हतं, समन्सला अर्थ नव्हता. तेव्हा त्यांनी खुराडं दुरुस्त केलं. खाली दगड पक्के बसवले, वर जाळी मारली आणि दाराला लोखंडी कडी लावली. त्यानंतर हौसाबाईची एकही कोंबडी गेली नाही. मी हे कोरेगावला येऊन सांगितलं तेव्हा काकी तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

"तिच्या खुराड्याला लावली," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी घसा कोरडा केला, आन् कडी गेली सांगली जिल्ह्यात."

त्या दर पंधरा दिवसांनी एस.टी.ने जात. पुसेसावळीहून मिळेल त्या वाहनाने पाटीपर्यंत. पण पाटी ओलांडत नसत. "मी काय गुन्हा केलाय तिकडं जायाला?" अप्पाही ओलांडत नसत. मधोमध पाटीच्या खांबाला डबा टेकवून ठेवला जाई. काकी मागे सरकत, अप्पा येऊन तो घेत, मग पलीकडे दगडावर बसून जेवत. अलीकडे काकी दगडावर बसून बघत. बोलणं व्हायचं ते मोठ्याने आणि कोंबड्यांबद्दल.

"खुडूक बसलीया!"

"कोणती?"

"कवडी! किती अंडी ठिवू?"

"अकरा!"

मधून उसाचे ट्रॅक्टर जात, तेव्हा दोघं थांबत. रिकाम्या डब्याबरोबर 'डबा मिळाला' अशी सहीची चिठ्ठी येई. काकींनी एकही टाकलेली नाही. मला वाटलं होतं रागाने चुलीत घालतील.

एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्ही एक पाऊल पुढे गेलात तर काय होईल?"

"मी गेले तर त्ये तिथलंच व्हतील," त्या म्हणाल्या. "त्येंनी हिकडं यायचं हाय."

दुसरं वर्ष संपत आलं तसं काकींनी ग्रंथालयातून कॅलेंडर मागून नेलं आणि भिंतीवर टांगलं. रोज एक खूण. कवडीच्या पिलांतला एक कोंबडा त्यांनी वेगळा ठेवला होता. अप्पा येतील त्या दिवसासाठी. त्याला हात लावू देत नसत. खुराडं मात्र तसंच होतं. मी कडी बसवून देतो म्हटलं तर म्हणाल्या, "न्हाई. ज्येचं काम त्येनं करायचं. अकरा-बारा दिवसांचा तर प्रश्न हाय."

अकराच होते. सकाळी लवकरच हौसाबाईचा फोन आला. पहाटे खुराडं उघडायला अप्पा उठले नाहीत, कोंबड्या आतून ओरडू लागल्या तेव्हा तिने जाऊन पाहिलं.

काकी त्या दिवशी पहिल्यांदा पाटी ओलांडून गेल्या. हौसाबाईच्या ओसरीत तिच्याशेजारी बसल्या. निघताना हौसाबाईने अप्पांची बॅग आणून दिली. त्यात सदरा, चष्मा, पोचेची वही आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक नवी कोरी कडी होती. स्क्रूसकट. कागदावर काकींचं पूर्ण नाव आणि पत्ता, खाली 'बजावणी समक्ष करणे'.

शववाहिका निघाली आणि पाटीपाशी आली तशी मागे अप्पांशेजारी बसलेल्या काकींनी ड्रायव्हरच्या पाठची काच वाजवली.

"थांब रं."

ड्रायव्हरने थांबवली. "काय झालं मावशी?"

"अकरा दिस ऱ्हायल्यात," काकी मला म्हणाल्या. "असं न्हेलं तर त्येंना चालायचं न्हाई. कागूद काढा."

"काकी—"

"काढा म्हनते न्हवं. तुमी पंच हाय न्हवं?"

मी अप्पांच्या वहीचं मागचं पान काढलं. काय लिहायचं ते मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्यांची भाषा लिहून घेत होतो. लिहिलं, की आरोपीने शिक्षेच्या काळात एकदाही हद्द ओलांडली नाही, वर्तणूक चांगली, एकही कोंबडी गेली नाही. सबब उरलेले अकरा दिवस माफ करून त्यास सातारा जिल्ह्यात येण्यास मुभा देण्यात येत आहे. खाली दोन रेघा मारल्या. पहिल्या रेघेवर सही केली.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "ओ सर, लय उशीर व्हतोय. काय लिवताय काय?"

"गप बस," काकी त्याला म्हणाल्या. "कामकाज चाललंय."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. कागद अप्पांच्या पायाशी, पांढऱ्या चादरीवर ठेवला, डाव्या हाताने सपाट केला, आणि दुसऱ्या पंचाच्या रेघेवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. शाळेत शिकलेलं असावं तसं, एकेक अक्षर सुटं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. मग कागदाची घडी करून अप्पांच्या हाताखाली सरकवली.

"हातात पडला," त्या म्हणाल्या. "चल रं आता."